निकोला आपेर : बंद डब्यातील अन्नाला दीर्घायुष्य देणारा उपकारकर्ता



समुद्रकिनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्या समाजाला मासळी टिकविण्याची विद्या कोणी शिकवावी लागत नाही. बांबूंच्या मांडवांवर टांगलेले बोंबील, उन्हात पसरलेला जवळा, मिठाच्या थरांत दाबून ठेवलेली सुरमई ही दृश्ये आपल्या गावांना पिढ्यानुपिढ्या परिचित आहेत. मीठ, ऊन, वारा आणि धूर हेच जगभरच्या कोळ्यांचे हजारो वर्षांचे सोबती होते. मात्र या सर्व उपायांनी मासळी टिकते ती आपले मूळ रूप आणि चव गमावून. ताजी मासळी शिजवावी, ती वर्षभर तशीच राहावी आणि वर्षानंतर कोणीही ती निर्धास्तपणे खावी, ही गोष्ट अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत कोणाला शक्य वाटत नव्हती. ती शक्य करून दाखविणारा मनुष्य विद्यापीठात शिकलेला शास्त्रज्ञ नव्हता. तो एक आचारी आणि मिठाईवाला होता. त्याचे नाव निकोला आपेर. आज आम्ही त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्याचबरोबर त्यांच्या हातून जे काम अपुरे राहिले व पुढील पिढ्यांनी पूर्ण केले, त्याचीही माहिती देणार आहोत. कारण आपण जो मासळीचा डबा विश्वासाने उघडतो, त्या विश्वासामागे एका माणसाचे नव्हे, तर दीडशे वर्षांचे श्रम आहेत.

बालपण आणि शिक्षण

निकोला आपेर यांचा जन्म १७ नोव्हेंबर १७४९ रोजी फ्रान्समधील शाम्पेन प्रांतातील शालों-स्युर-मार्न या नगरात झाला. त्यांचे वडील खानावळ आणि उतारूंसाठी धर्मशाळावजा विश्रामगृह चालवीत असत. घरात मुलांची संख्या मोठी होती. शाळेत बसून दीर्घकाळ विद्याभ्यास करण्याचे भाग्य निकोला यांच्या वाट्याला आले नाही. त्यांची शाळा म्हणजे वडिलांचे स्वयंपाकघर आणि तळघर. बिअर कशी गाळावी, मद्य बाटलीत कसे भरावे, बूच कसे घट्ट बसवावे, कोणता पदार्थ किती दिवस टिकतो व कधी आंबतो, हे सारे ते लहानपणीच हातांनी शिकले. शाम्पेन हा तर फेसाळणाऱ्या मद्याचा प्रांत. बाटलीच्या आत वायूचा दाब वाढला म्हणजे बूच उडते, कच्ची बाटली फुटते आणि चांगली बाटली तो दाब सहन करते, हे तेथील पोराटोरांनाही ठाऊक होते. या साध्या ज्ञानाचा पुढे आपेर यांना फार उपयोग झाला.

तरुणपणी त्यांनी जर्मन भूमीवरील त्स्वाइब्र्युकेन येथील ड्यूकच्या पाकशाळेत चाकरी धरली. ड्यूकच्या निधनानंतर त्यांच्या विधवा पत्नीच्या सेवेतही ते राहिले. सरदार घराण्यांच्या मेजवान्यांची व्यवस्था पाहता पाहता ते आपल्या कलेत निष्णात झाले. १७८४ साली ते पॅरिसला आले व रू दे लोंबार या रस्त्यावर त्यांनी मिठाईचे दुकान थाटले. पुढील वर्षी त्यांचा एलिझाबेत बेन्वा यांच्याशी विवाह झाला. दुकान चांगले चालू लागले.

मिठाईवाल्याचा धंदा म्हणजे त्या काळी केवळ गोड पदार्थ करणे नव्हे. फळे साखरेत मुरविणे, रस टिकविणे, मुरंबे घालणे हेही त्याचेच काम. साखर महाग होती, आणि साखरेत घातलेल्या फळाला फळाची चव राहत नसे. मीठ, साखर किंवा सिरका यांपैकी काहीही न घालता पदार्थ टिकविता येईल काय, हा प्रश्न आपेर यांच्या मनात येथेच रुजला असावा.

क्रांतीच्या वादळात

१७८९ साली फ्रेंच राज्यक्रांतीचा भडका उडाला. आपेर आपल्या वस्तीच्या क्रांतिकारी समितीत उत्साहाने सामील झाले. परंतु क्रांती आपल्याच लेकरांना गिळू लागली, तेव्हा तेही सुटले नाहीत. १७९४ साली, भीषण दहशतीच्या त्या दिवसांत, त्यांना अटक झाली व काही महिने कारागृहात काढावे लागले. त्या काळी तुरुंगातून अनेकांची वाट थेट वधस्तंभाकडे जात असे. आपेर यांचा प्राण वाचला. सुटकेनंतर ते पॅरिसजवळील इव्री या गावी राहावयास गेले व आपल्या प्रयोगांना लागले. पंचेचाळीस वर्षांचे वय, डोक्यावर संसाराचा भार आणि देशात अस्थिरता असताना त्यांनी एका अनिश्चित कल्पनेमागे आपले सर्वस्व लावले.

बाटली, बूच आणि उकळते पाणी

आपेर यांची रीत सांगावयास सोपी आहे. पदार्थ शक्य तितका ताजा घ्यावा. तो रुंद तोंडाच्या जाड काचेच्या बाटलीत भरावा. बूच घट्ट ठोकून तारेने आवळावे. मग बाटली जाड्याभरड्या कापडाच्या पिशवीत घालून मोठ्या कढईतील पाण्यात ठेवावी व ते पाणी ठरावीक वेळ उकळू द्यावे. कापडी पिशवी अशासाठी की, एखादी बाटली फुटली तर तिच्या काचा इतर बाटल्यांत मिसळू नयेत.

रीत सोपी असली तरी ती सिद्ध करणे सोपे नव्हते. बाटलीत किंचितही फट राहिली तर सारे श्रम वाया जात. एका अखंड तुकड्याचे बूच सच्छिद्र निघे, म्हणून त्यांनी बुचाचे अनेक थर एकमेकांस चिकटवून नवे बूच तयार केले. थर चिकटविण्यासाठी त्यांनी जो सरस वापरला, तो माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीपासून बनविलेला होता, हे आमच्या मच्छीमार वाचकांना ऐकून कौतुक वाटेल. बुचाभोवतीची फट बुजविण्यासाठी चुना व चीज यांचे मिश्रण ते लावीत. कोणत्या पदार्थाला किती वेळ उकळावे याची कोष्टके कोठेही उपलब्ध नव्हती. वाटाणा, घेवडा, मांस, दूध, फळे, प्रत्येकाचा वेळ त्यांनी स्वतःच, पुन्हा पुन्हा करून पाहून ठरविला.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या दक्षिणेस मासी या गावी त्यांनी कारखाना उभारला. भोवतालच्या शेतांत वाटाणा व घेवडा पिकविला जाई आणि तोडणीनंतर लगेच बाटलीत भरला जाई. फ्रेंच नौदलाने १८०३ च्या सुमारास ब्रेस्ट बंदरात त्यांच्या पदार्थांची परीक्षा घेतली. काही महिने ठेवलेले मांसाचे सूप व भाज्या उघडून पाहिल्या तेव्हा त्या उत्तम निघाल्या. दीर्घ सफरीत खलाशांच्या ताटात खारवलेले मांस व वाळकी बिस्किटे यांखेरीज फारसे काही नसे आणि ताज्या अन्नाच्या अभावी स्कर्व्ही रोग त्यांचे बळी घेई. त्यामुळे आपेर यांच्या बाटल्यांकडे नौदलाने आशेने पाहावे, हे स्वाभाविकच होते.

मक्तेदारी की प्रकाशन ?

नेपोलियनने सैन्यासाठी अन्न टिकविण्याची स्पर्धा जाहीर केली व आपेर यांनी ती जिंकली, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. अशी स्पर्धा झाल्याचा भक्कम पुरावा मात्र इतिहासकारांना मिळालेला नाही. घडले ते असे : फ्रान्समधील उद्योग-प्रोत्साहन संस्थेने १८०९ साली आपेर यांच्या पदार्थांची तपासणी करून अनुकूल अहवाल दिला. त्यानंतर जानेवारी १८१० मध्ये गृहमंत्री मोंतालिव्हे यांनी आपेर यांच्यापुढे दोन मार्ग ठेवले. एक, त्यांनी एकस्व म्हणजे पेटंट घ्यावे आणि रीत स्वतःपुरती राखून धनवान व्हावे. दुसरा, त्यांनी सरकारकडून १२,००० फ्रँकचे पारितोषिक घ्यावे व आपली रीत पुस्तकरूपाने साऱ्या जगापुढे उघडी करावी, आणि पुस्तकाच्या २०० प्रती सरकारला द्याव्यात.

आपेर यांनी दुसरा मार्ग निवडला. त्याच वर्षी त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात कोणतीही गोष्ट त्यांनी हातचे राखून सांगितली नाही. बूच कसे निवडावे येथपासून कोणता पदार्थ किती वेळ उकळावा येथपर्यंत सर्व काही एखाद्या गृहिणीलाही समजेल अशा भाषेत मांडले.

या औदार्याची किंमत त्यांना लवकरच कळून आली. पुस्तकाला काही महिने होतात न होतात तोच, ऑगस्ट १८१० मध्ये लंडनला पीटर ड्युरँड नावाच्या व्यापाऱ्याने याच रीतीचे पेटंट घेतले. त्यात काचेबरोबर कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या भांड्यांचाही उल्लेख होता. ब्रायन डॉन्किन व जॉन हॉल यांनी ते पेटंट विकत घेतले आणि १८१३ पासून लंडनमध्ये पत्र्याचे डबे तयार होऊ लागले. ब्रिटिश नौदल त्यांचे गिऱ्हाईक झाले. ज्याने विद्या फुकट वाटली तो मासीत बाटल्यांचे बूच ठोकीत राहिला आणि परदेशातील लोक त्याच विद्येवर श्रीमंत झाले.

मासळीला मिळालेले घर

आपेर यांच्या रीतीचा मासळीला सर्वांत मोठा लाभ झाला तो फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील नांत या शहरात. तेथील जोझेफ कोलँ या मिठाईवाल्याने तेलात तळलेली सार्डिन म्हणजे तारली पत्र्याच्या डब्यांत भरून ती आपेर यांच्या पद्धतीने उकळण्यास आरंभ केला. १८२४ च्या सुमारास त्याचा धंदा भरभराटीस आला. पुढे ब्रिटनीच्या साऱ्या किनाऱ्यावर सार्डिनचे कारखाने उभे राहिले. हंगामात जाळी भरून येणारी आणि दुसऱ्या दिवशी फेकून द्यावी लागणारी तारली आता वर्षभर विकली जाऊ लागली. मच्छीमारांच्या घरांना रोजगार लाभला. शुक्रवारी व उपवासकाळात मांस वर्ज्य करणाऱ्या कॅथलिक कुटुंबांना, समुद्रापासून शेकडो मैल दूर असतानाही, मासळी मिळू लागली.

बरे का टिकते, हे कोणाला ठाऊक होते ?

आता आम्ही वाचकांना त्या प्रश्नाकडे नेऊ इच्छितो, ज्याचे उत्तर आपेर यांना आयुष्यभर मिळाले नाही. बंद बाटलीतील अन्न का नासत नाही ? आपेर यांना अनुभवाने एवढेच कळले होते की, उष्णता आणि हवाबंद भांडे या दोहोंच्या संयोगाने नासणे थांबते. थोर रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसाक यांनी १८१० साली अशा बाटल्यांतील हवा तपासली. तीत प्राणवायू नसल्याचे त्यांना आढळले आणि प्राणवायूचा अभाव हेच टिकण्याचे कारण, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढील पन्नास वर्षे जगाने तो प्रमाण मानला.

वास्तविक खऱ्या उत्तराची वाट एका कॅथलिक धर्मगुरूने पूर्वीच दाखविली होती. इटलीतील फादर लाझ्झारो स्पालांझानी यांनी १७६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काचेच्या कुप्यांची तोंडे ज्योतीवर वितळवून बंद केली व आतील काढा दीर्घकाळ उकळला. अशा काढ्यात सूक्ष्म जीव निर्माण होत नाहीत, हे त्यांनी दाखविले. त्याचबरोबर काही सूक्ष्म जीव क्षणभराच्या उकळीने मरतात, तर काही बराच वेळ उकळूनही तग धरतात, हेही त्यांच्या ध्यानात आले होते. या निरीक्षणाचा पूर्ण अर्थ उलगडण्यास आणखी शंभर वर्षे लागली.

१८६० च्या दशकात लुई पाश्चर यांनी अन्न नासण्यामागे सूक्ष्मजीव असतात हे निर्विवाद सिद्ध केले. १८७६ साली जर्मनीत फर्डिनांड कोन व रॉबर्ट कॉख यांनी काही जिवाणूंच्या बीजाणूंचे वर्णन केले. बीजाणू म्हणजे काय, हे शेतकरी वाचकांना सहज समजेल. झाड दुष्काळात मरते, परंतु त्याचे कठीण कवचाचे बी जमिनीत पडून राहते आणि पाऊस येताच उगवते. त्याचप्रमाणे काही जिवाणू प्रतिकूल काळात आपले सार एका कणखर, कोरड्या कवचात गुंडाळून ठेवतात. जिवंत जिवाणू उकळत्या पाण्यात काही क्षणांत मरतो, पण बीजाणू तासन् तास टिकून राहतो. पाणी निवले की तो पुन्हा अंकुरतो.

यांतील सर्वांत भयंकर बीजाणू बोट्युलिझम या विषबाधेचा. १८९५ साली बेल्जियममधील एलझेल गावी अंत्यविधीनंतरच्या जेवणात खारवलेले डुकराचे मांस खाऊन अनेक वादक आजारी पडले व तिघे दगावले. एमिल व्हान एरमेंगेम यांनी त्या मांसातून हा जिवाणू शोधून काढला. त्याचे वैशिष्ट्य असे की, त्याला हवा नकोशी असते. हवा नसेल तेथेच तो वाढतो व असे विष निर्माण करतो की, त्याचा अत्यल्प अंशही माणसाच्या श्वासाचे स्नायू निकामी करतो. ज्या प्राणवायूच्या अभावाला गे-ल्युसाक यांनी संरक्षण मानले, तो अभाव या जिवाणूचे माहेरघर होता. अर्धवट तापविलेला बंद डबा हा त्यामुळे उघड्या ताटापेक्षाही घातक ठरू शकतो.

मासळीच्या बाबतीत हा धोका विशेष आहे. या जिवाणूचा एक प्रकार समुद्राच्या व सरोवरांच्या तळाच्या गाळात राहतो व तेथून माशांच्या आतड्यांत जातो. चिंच, कैरी किंवा टोमॅटो यांच्या आंबटपणात हा जिवाणू वाढू शकत नाही. माशाच्या मांसात मात्र तसा आंबटपणा नसतो.

शंभर अंशांच्या पलीकडे

मग आपेर यांच्या बाटल्या सुरक्षित कशा राहिल्या ? ताजा माल, स्वच्छता, लहान भांडी आणि दीर्घकाळ उकळणे यांमुळे त्या बहुधा टिकत. परंतु उघड्या कढईतील पाणी कितीही जाळ केला तरी १०० अंश सेल्सिअसच्या वर तापत नाही. त्या तापमानाला बोट्युलिझमच्या सर्वांत चिवट बीजाणूंचा नाश व्हावयास साडेपाच तासांपर्यंत वेळ लागू शकतो, असे १९२२ साली एस्टी व मायर या संशोधकांनी दाखविले. इतका वेळ उकळल्यास मासळीचा लगदा होईल आणि इंधनाचा खर्च मालकाला बुडवील.

येथे दाबाचे महत्त्व आहे. दनी पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ साली लंडनमध्ये घट्ट झाकणाचे एक भांडे तयार केले होते. त्यात वाफ कोंडल्याने दाब वाढे, पाण्याचा उकळबिंदू वर जाई आणि कठीण हाडेही मऊ होत. आपल्या घरांतील प्रेशर कुकर त्याच भांड्याचा वंशज. आपेर यांनी आपल्या उतारवयात या भांड्याचा उपयोग हाडांतून जिलेटीन काढण्यासाठी केला. म्हणजे योग्य साधन त्यांच्या हातात येऊन पोहोचले होते.

बंद अन्नासाठी त्याचा सुरक्षित उपयोग त्यांच्या व्यवसायाचे वारस रेमों शेव्हालिए-आपेर यांनी केला. १८५२ साली त्यांनी दाबमापक बसविलेल्या ऑटोक्लेव्हचे पेटंट घेतले. आतील दाब डोळ्यांना दिसू लागल्याने तापमान ताब्यात ठेवता येऊ लागले आणि भांडे फुटण्याचे भय कमी झाले. भोवतालच्या हवेच्या दाबाच्या सुमारे दुप्पट दाब असेल तर वाफेचे तापमान १२१ अंशांच्या आसपास जाते. या तापमानाला, उकळत्या पाण्यात कित्येक तास तग धरणारे ते बीजाणू सुमारे तीन मिनिटांत नष्ट होतात. बीजाणूला मारते ती उष्णताच. दाब त्या उष्णतेला शंभर अंशांची मर्यादा ओलांडावयास मदत करतो, आणि बाहेरून आधार देऊन डबा फुटू देत नाही.

त्याच १८५२ साली इंग्लंडमध्ये गॉस्पोर्ट येथील नौदलाच्या कोठारात मांसाचे डबे उघडण्यात आले, तेव्हा ३०६ डब्यांपैकी केवळ ४२ खाण्यालायक निघाले. डबे आकाराने फार मोठे होते. बाहेरील भाग शिजला तरी उष्णता मध्यापर्यंत पोहोचली नव्हती. डब्याचा मध्यबिंदू हाच सर्वांत शेवटी तापतो, हा धडा जगाला अशा रीतीने शिकावा लागला.

मासळीसाठी या ज्ञानाला शास्त्राचे रूप दिले ते अमेरिकेतील सॅम्युएल प्रेस्कॉट व विल्यम अंडरवूड यांनी. अंडरवूड यांच्या घराण्याच्या कारखान्यात शिंपल्यांचे डबे फुगत होते आणि शेवंडीचे मांस काळे पडत होते. १८९५ पासून पुढील काही वर्षे दोघांनी अभ्यास करून दाखविले की, दोष उष्णतेला दाद न देणाऱ्या बीजाणूंचा आहे आणि उपाय म्हणजे डब्याच्या मध्यापर्यंत पुरेसे तापमान पुरेसा वेळ पोहोचविणे. त्यांनीही आपल्या शोधाचे पेटंट घेतले नाही. आपेर यांचीच परंपरा, नकळत का होईना, त्यांनी चालविली.

पुढे कारखान्यांनी कडक दंडक स्वीकारला : डब्यात एक लाख कोटी बीजाणू असतील असे धरले तरी उष्णतेनंतर त्यांतील एखादाच उरावा, इतकी उष्णता दिली गेली पाहिजे. एवढे करूनही डब्याचा जोड निर्दोष असावा लागतो. १९७८ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे सामन माशाच्या एका डब्यामुळे चार वृद्धांना बोट्युलिझम झाला व दोघे मरण पावले. डब्याला उष्णता दिल्यानंतर पडलेल्या बारीकशा छिद्रातून जिवाणू आत शिरला होता. दोनशे वर्षांपूर्वी आपेर बुचाचे थर इतक्या निगुतीने का चिकटवीत होते, हे यावरून समजावे.

अलीकडच्या काळात दाबाचा आणखी एक उपयोग पुढे आला आहे. वातावरणाच्या सुमारे सहा हजार पट दाब अन्नावर दिल्यास जिवंत जिवाणू मरतात, बीजाणू मात्र केवळ दाबाने मरत नाहीत. दाबासमवेत उच्च उष्णता दिली तरच ते शरण येतात. असा प्रचंड दाब देताच अन्नाचे तापमान आपोआप चढते व दाब काढताच उतरते, त्यामुळे पदार्थ अधिक वेळ तापत राहत नाही आणि त्याची चव व पोत अधिक चांगला राहतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ साली बटाट्याच्या लगद्यासाठी या रीतीला हरकत नसल्याचे कळविले. मासळीसारख्या नाजूक पदार्थासाठीही संशोधक या रीतीकडे आशेने पाहत आहेत. आपल्या देशात कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने दाबाखाली उष्णता देऊन लवचीक पाकिटात टिकणारी माशाची आमटी तयार करण्याचे तंत्र विकसित केले आहे. त्या पाकिटाचेही मूळ मासीच्या कढईतच आहे.

अखेरचे दिवस

आपेर यांच्या जीवनाकडे पुन्हा वळू. १८१४ व १८१५ साली नेपोलियनच्या पाडावाच्या वेळी परकीय सैन्ये पॅरिसभोवती येऊन ठेपली. मासीचा कारखाना उद्ध्वस्त झाला. पासष्ट वर्षांच्या वयात त्यांना पुन्हा शून्यापासून आरंभ करावा लागला. पारितोषिकाचा पैसा प्रयोगांत केव्हाच संपला होता. सरकारने पॅरिसमध्ये दिलेल्या जागेत त्यांनी काम सुरू केले, पण काही वर्षांनी तीही जागा सोडावी लागली. पत्र्याचे डबे त्यांनी आत्मसात केले, पुस्तकाच्या सुधारलेल्या आवृत्त्या काढल्या व नवे जे काही समजले ते पुन्हा जगापुढे उघडे केले. १८२२ साली उद्योग-प्रोत्साहन संस्थेने त्यांना मानवजातीचा उपकारकर्ता ही पदवी दिली. मान मिळाला, धन मिळाले नाही.

१८३६ साली, शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी व्यवसायातून निवृत्ती घेतली. पत्नी पूर्वीच विभक्त झाली होती. तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर मासी येथे त्यांनी अखेरचे दिवस काढले. १ जून १८४१ रोजी, एक्क्याण्णवाव्या वर्षी, ते निवर्तले. ज्यांच्या श्रमाने कोट्यवधी लोकांच्या ताटात अन्न आले, त्यांच्या दफनासाठी स्वतंत्र थडगेही लाभले नाही. गोरगरिबांच्या सामाईक दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली.

आपेर यांनी साधुत्वाचा दावा कधी केला नाही व आम्हीही तो त्यांच्यावर लादू इच्छित नाही. ते एक कष्टाळू कारागीर होते. आपल्या रीतीमागील कारण त्यांना ठाऊक नव्हते, तरी आपल्या हाताने जे तयार होते ते दुसऱ्याच्या पोटात जाणार आहे, याची जाणीव त्यांनी कधी सोडली नाही. आणि जे सापडले ते लपवून ठेवले नाही. त्यांनी ते लपविले असते, तर त्यातील उणीव शोधून ती दूर करणारे पुढचे लोकही कदाचित इतक्या लवकर निर्माण झाले नसते. मोकळेपणाने वाटलेल्या विद्येतील चूकही समाजाच्या उपयोगी पडते, कारण ती सुधारता येते.

शेवटी वाचकांना, विशेषतः आमच्या भगिनींना, एक व्यवहाराची सूचना. फुगलेला, गळका, जोडावर चेपलेला किंवा उघडताच फसफसणारा मासळीचा डबा कितीही महाग असला तरी चाखूनही पाहू नये, तो फेकून द्यावा. बोट्युलिझमच्या विषाला वास वा चव असेलच असे नाही. घरच्या घरी मासळी बाटलीत बंद करून बाहेर ठेवण्याचा प्रयोग केवळ उकळीच्या भरवशावर करू नये. बाटलीतील पाणी उकळले म्हणजे सर्व काही मेले, असा समज आपेर यांच्या काळी क्षम्य होता. आज आपल्याला त्याहून अधिक ठाऊक आहे, आणि ते ठाऊक व्हावे म्हणून अनेकांनी आपले आयुष्य वेचले आहे.